कासवाचं शेवटचं वळण

पोर्ट व्हिला, ४ जून

ती. बाबांस लेईसावचा शि. सा. न. वि. वि.

बोटीने पाठवलेले कंद आणि नारळ पोचले. नारळ इतके, की शेजारीण विचारत होती, तुझा बाप अख्खं अंब्रिम बेट विकायला काढतोय की काय! हॉटेलच्या स्वयंपाकघरात मी आता रुळले. रोलिन मात्र बोलत नाही. तिचा पपा तारी होडी घेऊन गेला तो आलाच नाही, त्याला पाच महिने झाले. तेव्हापासून पोरीच्या तोंडून शब्द नाही.

बालवर्गात इतर मुलं रंग फासतात, घर-घर खेळतात. ही वाळूत बसून एकच कासव काढते. शेपटीपाशी आली की पुसून टाकते, पुन्हा पहिल्यापासून. परवा बाईंनी तिचं बोट उचललं, राहिलेली शेपटी स्वतः काढली आणि वर शाबास म्हणाल्या. रोलिन त्यांना कडकडून चावली. आता बाई म्हणतात, आधी डॉक्टरांना दाखवा, तोवर हिला पाठवू नका. वाळूतली चित्रं तुम्हीच शिकवलीत तिला. बाबा, पोर हातची जाईल अशी भीती वाटते मला.

पोरीवर माया असू द्या, माझ्या वाट्याची थोडी कमी झाली तरी चालेल.

तुमची
लेईसाव

अंब्रिम, १५ जून

चि. लेईसाव हिस अ. आ.

पोर शहाणी आहे. चुकलो मी.

त्या सकाळी ती तारीबरोबर जायचा हट्ट धरून बसली होती. तिला रमवायला मी कासव शिकवायला घेतलं. गमतीत म्हणालो, बोट न उचलता निघालीस तिथे परत पोचलीस, की पपाही परत येईल. शेपटीपाशी आलो आणि वारा फिरला. मी तिला उचलून घराकडे पळालो. ओळ अर्धी राहिली. शेवटचं वळण तिला कोणी शिकवलंच नाही. बाईंना तर मीसुद्धा चावलो असतो.

ते वळण कागदावर काढून पाठवलं असतं. पण ओळ पुरी झाली आणि तारी आला नाही, तर? मी पुढच्या बोटीने येतो. केलंय मी, निस्तरीनही मीच.

म्हाताऱ्यावर हवं तेवढं रागाव, पण तोडू नकोस.

तुझा बाप
बोंग

पोर्ट व्हिला, २ जुलै

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमची बोट दुरुस्तीला अडकल्याचा निरोप मिळाला. हे पत्र विमानाने पाठवते. मी थांबले नाही. घासून घासून तिच्या बोटाचं कातडं निघालं होतं, मला बघवेना.

आधी तिला सांगितलं, की पपा बुडाला, ओळीने येणार नाही, आणि ओळ राहिली म्हणून गेलाही नाही. मग तिच्या बोटावर बोट ठेवलं. लहानपणी तुम्ही शिकवलेलं ते वळण माझ्या हाताला आठवत होतं. कासव पुरं झालं. रोलिन बोट उचलून फाटकाकडे बघत बसली. किती वेळ बसली, मला सांगवत नाही. मग म्हणाली, आजोबा खोटं बोलले. सहा महिन्यांत पहिला शब्द हा. आणि रडली. मी तिला गप्प केलं नाही.

काल तिने विचारलं, आजोबांची बोट तरी येईल ना. हो म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, मला ठाऊक नाही.

बाबा, या.

लेईसाव