ग्लायडरच्या खांद्याला हळद

२३ ऑगस्ट १९७०, रविवार

शी! लाकूड चिकटवायचा सरस पुन्हा जळला. घरभर कातडं उकळल्याचा वास. बायको नाकाला पदर लावून म्हणाली, "विमान हाय का मेलेलं ढोर?"

चौदा महिने झाले. हवाई दलातून सुटून बुलढाण्यात रेडिओ-दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हापासून डोक्यात एकच — पुण्याच्या ग्लायडिंग क्लबात जे ग्लायडर मी हातानं पुसायचो, त्याचं हुबेहूब, पाचव्या हिश्शाचं. पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा फूट. इंजिन नाही. राजूर घाटाच्या कड्याला आपटून वारा वर चढतो, त्याच्यावर ते तरंगणार आणि मी कड्यावरून रेडिओनं शेपूट हलवणार. रेडिओचा संच क्लबातल्या करमरकरांचा, पुण्याहून उसना आणलेला. पाच सप्टेंबरला परत पाठवायचा. तेवढ्यात उडालं तर उडालं!

२५ ऑगस्ट

शेजारचा गिरणीवाला हिंमतराव येऊन बसला. "याच्यात मानूस बसते काय?" नाही. "बॉम्ब टाकते?" नाही. "मंग काऊन करून राह्यला बे?"

काय सांगायचं या माणसाला! चहा प्यायला आणि जाताना तंबाखू थुंकला — नेमका शेपटीच्या नकाशावर. किळस आली.

२८ ऑगस्ट

डावा पंखही झाला. एका बैठकीत उरकला. धडाला जोडतात त्या बुडाला पांगाऱ्याची पातळ फळी, वर पतंगाचा कागद. सुरेख दिसतंय. हे मीच म्हणायचं, दुसरं कोण म्हणणार!

३० ऑगस्ट, रविवार

उद्या पोळा. म्हणजे आज खांदशेकणी — बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळून त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. आमच्याकडे बैल उरले कुठे? आबांची, म्हणजे वडलांची, कंबर गेली म्हणून चैत्रात मीच जोडी विकली आणि त्यांना गावाहून इथे आणलं.

दुकानातून आलो तर आबा ग्लायडरपाशी मांडी घालून बसलेले. वाटीत तूप, हळद. पळसाच्या पानानं दोन्ही पंखांचं बूड चोळणं चाललंय — सावकाश, दाबून दाबून. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." लाकडाला!

कागद तूप पिऊन पिवळा पडलेला. वास!

"आबा, हे जनावर हाय काय!" इतका ओरडलो की हिंमतराव गिरणी सोडून बघायला आला.

"जुंपनार हायेस न याले? म्हून खांदे पाह्यले. आयक जरा, हा—"

ऐकलं नाही. वाटी अंगणात भिरकावली.

३१ ऑगस्ट

पोळा. दिवसभर कागद सोलला. तूप फळीत मुरलंय, त्यावर सरस धरत नाही. पेट्रोलनं पुसलं, नवा कागद ताणला. आबा बोलत नाहीत. बरंच आहे!

२ सप्टेंबर

वारा नाही. चिखल, माश्या आणि हिंमतराव.

३ सप्टेंबर

राजूर घाट. पश्चिमेचा वारा, अंगावर येणारा. अर्धं बुलढाणं गोळा झालेलं. एकजण तर कढई मांडून भजी तळायला बसला!

कड्यावरून सोडलं — आणि उडालं! खरंच उडालं! दरीवर मिनिटभर, दीड मिनिट. मला हसू आवरेना. मग वळवलं. कट्‌कन आवाज आला, डावा पंख बुडापासून वर दुमडला आणि सगळं खाली सागाच्या रानात.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे असंच करायचं असतं!

आबा काठी टेकत तिथवर आले होते. सगळ्यांदेखत म्हणालो, "तुमच्या तुपानं मेलं ते. झालं समाधान?"

४ सप्टेंबर

आबा सकाळच्या एसटीनं साखरखेर्ड्याला गेले, माझ्या बहिणीकडे, चांगुणाकडे. बायको म्हणाली, "अशा घरी कोन राहीन?" राहू नका! राग नाही मला, किळस आहे — त्या तुपाची, हळदीची, या अडाणीपणाची.

एका गुराख्यानं मोडकं ग्लायडर पोत्यात भरून आणून दिलं. त्यातला रेडिओचा डबा तेवढा ओढून काढला, बाकी पाहिलंसुद्धा नाही. माळ्यावर टाकलं.

५ सप्टेंबर

संच पार्सल केला.

१२ सप्टेंबर

चांगुणाचं पत्र. "आबा म्हंतेत, त्याले लिही — खांदा चोयता चोयता बैलाचं दुखनं हाताले समजते. तुह्या विमानाचा डावा खांदा पोकय लागला. दाबला का दबे. तेच सांगत होतो. पुढच्या खेपेले पाहून घेजो."

पोतं खाली काढलं. ब्लेडनं फळ्या उचकटल्या. पंख बुडाशी वाकू नये म्हणून आत बांबूची कमची घालतात. उजव्यात आहे.

डाव्यात मी घातलीच नव्हती.