खांदा, कांदा नव्हे

कारेलीबाग, बडोदे

चि. सलीलरावांस दत्तात्रेयाचे डाव्या हाताने आशीर्वाद (उजवा वर जात नाही, का ते पुढे सांगतो). नागपूरच्या उन्हात तुझा रक्तदाब जागेवर असेल अशी आशा आहे. तुझी अहल्याताई आहे तशीच आहे, म्हणजे दर आठवड्याला थोडी कमी. पोटातलं दुखणं तिच्याइतकंच हट्टी निघालं. तिने माझ्याकडे एकच मागितलंय, की शेवटी मी तिला खांदा द्यावा. आणि नेमका तोच मी घालवून बसलोय.

झालं असं की समोरचे बळवंतराव गेले (तुझ्या ताटातलं श्रीखंड संपवणारे). त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत, आमचे दफ्तरात. त्यामुळे जन्मभर मला बोरूबहाद्दर म्हणाले. म्हटलं, आता दाखवतोच. सोसायटीपासून स्मशानापर्यंत मी खांदा बदलू दिला नाही. मागची मंडळी विनवत होती, पण माझ्या अंगात त्यांचीच फौज संचारली होती. पुढे काही दिवसांनी हात उचलेना आणि पाठीवरचं खांद्याचं हाड, म्हणजे फरा, पंखासारखा बाहेर आला. डॉक्टरांनी सांगितलं, सेराटस नावाचा स्नायू लुळा पडलाय. बरगड्यांना करवतीच्या दात्यांसारखा धरून तो फऱ्याखालून मागे जातो, फऱ्याला छातीशी आवळतो आणि हात वर जाताना त्याला फिरवतो. मानेतून येणारी त्याची नस ओझ्याखाली चेपली होती. इतकी वर्षं हा गृहस्थ माझ्या काखेखाली बिनबोभाट नोकरी करत होता आणि मला त्याचं नावही ठाऊक नव्हतं.

रावपुऱ्यातल्या फिजिओथेरपीच्या मुलीने विचारलं, बरं झाल्यावर काय करायचंय? मी म्हटलं, खांदा द्यायचाय. ती म्हणाली, "कांदा? केटला किलो, काका?" मला वाटलं, गुजराती जीभ आहे, चालायचंच. मी खरं ते सांगितलं: पूर्वी पंचावन्न, आता चाळीसही नसेल, आणि चौघांत वाटून. तिने मान डोलावली. पुढच्या खेपेला तिने कांद्यांची पिशवी आणून ठेवली आणि ती फळीवर चढवायला सांगितली (मी भाजीवाल्यांना माल पुरवतो अशी तिची समजूत). मग मी नीट उलगडून सांगितलं. पोरीने पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि मला भिंतीसमोर उभं केलं.

आता भिंतीला तळवे टेकायचे, कोपर ताठ ठेवायचे आणि भिंत ढकलत पाठ मागे न्यायची, म्हणजे फरे पुढे सरकतात. माझा एकच सरकतो. अहल्या पलंगावरून विचारते, भिंत हलली का? नस सावरायला वर्षही लागेल म्हणतात. तिच्याकडे वर्ष नाही. मला फार भीती वाटते, सलील.

तुझा,
दत्तात्रेय

ता.क. रीतीने मी मडकं धरून पुढे चालायचं. पण मला तिच्याखाली राहायचंय, डाव्या खांद्याने का होईना. मडकं तू धरशील का? एवढंच विचारायला हे पत्र.

ता.क. दुसरं. अहल्येने वरचं सगळं वाचून घेतलं. ती म्हणते, उचलायला पुष्कळ येतील, उशाशी बसून बोलायला कुणी येत नाही. तू लगेच नीघ.