दुधाळ पाण्याचा क्लेम

९ जानेवारी १९०३, डॉसन

थैली ड्यूगलच्या हातात ठेवली, तेव्हा मी त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होतो. त्याने ती तोललीसुद्धा नाही. तशीच खिशात टाकली. लबाड माणूस तोलून घेतो. माणसं ओळखण्यात मी चुकत नाही.

तर पेशन्स ओढ्यावरच्या ड्यूगल रेनीच्या क्लेमचा, म्हणजे सोनं खणायच्या पट्ट्याचा, इसार दिला. आता महिनाभर तो दुसऱ्या कुणाला विकू शकत नाही. मला घाई नाही. घाई करणारे इथे बुडाले. मी इतकी वर्षं युकॉनमध्ये आहे आणि एकाही क्लेममध्ये बुडालो नाही, कारण एकही विकत घेतला नाही. यालाच अनुभव म्हणतात.

थैलीतलं सोनं माझ्या बायकोच्या, हेस्टरच्या, गल्ल्यातलं. म्हणजे बेकरीच्या. म्हणजे आमचंच. इथे पावाची किंमत सोन्याच्या भुकटीत येते, चिमटीने, आणि ज्याच्या त्याच्या ओढ्याचं सोनं वेगळं. कुणाचं तांबूस, कुणाचं फिकट, कुणाचं खडबडीत, कुणाचं काकडीच्या बीसारखं चपटं. सगळ्याला पीठ लागलेलं. ड्रॉवरच्या कोपऱ्यात एक कागदाची पुडी होती, तीही ओतली. ती वेगळी का ठेवली होती कुणास ठाऊक. बायकांचे हिशोब.

हेस्टरला सांगायचं आहे. योग्य वेळ पाहून.

१० जानेवारी

वेळ योग्य नव्हती.

११ जानेवारी

आजही नव्हती. ती पहाटेपासून भट्टीशी असते आणि झोपते ती आंबवणाचं मडकं कुशीत घेऊन. गोठलं तर मेलं, म्हणते. खरं आहे, त्याच्याशिवाय पाव फुगत नाही. पण आमच्या दोघांच्या मध्ये ते मडकं आज किती हिवाळे आहे.

क्लेम घेताना विकणाऱ्याने परातीत माती धुऊन दाखवलेल्या सोन्यावर विश्वास ठेवायचा नाही. माती आपण खणायची. जागा आपण निवडायची. परात आपली, हात आपले, आणि विकणारा दूर उभा. गेल्या साली एकाने तंबाखूच्या पिंकेतून परातीत सोनं थुंकलं आणि शिकागोच्या एका डॉक्टरला क्लेम विकला. डॉक्टर! मला हसू येतं.

१३ जानेवारी, पेशन्स ओढा

थंडी इतकी की दाढी स्कार्फला चिकटली. ड्यूगलने चहा दिला, बीन्स दिले. गुडघ्यांबद्दल बोलत होता. म्हणतो, गड्या, माझ्याच्याने आता रहाट ओढवत नाही, नाहीतर हा खड्डा मी बापाला दिला नसता.

खाणीची विहीर पाहिली. खाली कातळापर्यंत नेली आहे, काम चांगलं. जमीन लोखंडासारखी गोठलेली असते, त्यामुळे आज जिथे विस्तव पेटवायचा तिथलीच माती उद्या खणता येते. ड्यूगलने विचारलं, कुठला कोपरा? मी मुद्दाम थांबलो. त्याच्या डोळ्यांत पाहिलं. मग एकदम वळून पलीकडचा, सगळ्यात अंधारा कोपरा दाखवला. त्याचा चेहरा जरासुद्धा बदलला नाही. म्हणाला, बरं, तिथे.

लाकडं मी रचतो म्हणालो, तर ऐकेना. पाहुण्याने कशाला उतरायचं. माझ्यासाठी बिछाना घातला. विस्तव पाहायला तो रात्री स्वतः उठला, गुडघे दुखत असताना. असे यजमान आता राहिले नाहीत.

१४ जानेवारी

खाली मी एकटा उतरलो. माझ्या कोपऱ्यातली माती, माझ्या हाताने. ड्यूगलला मी आधीच बजावलं होतं: तंबाखू खिशात ठेव आणि वर उभा राहा. तो उभा राहिला.

परात केबिनमध्ये धुतली, कोमट पाण्याच्या टबात.

सोनं! आणि कसलं! एका परातीत सगळ्या जाती. तांबूस, फिकट, खडबडीत, चपटं. एका ओढ्याचं सोनं एकसारखं असतं, हे नवख्यालाही माहीत आहे. मग इथे सगळ्या ओढ्यांचं सोनं कसं आलं? नवखा गोंधळला असता. मी जरा वेळ बसलो आणि उलगडलं: साऱ्या जुन्या नद्या इथे एकत्र येत होत्या. इतके लोक बोनान्झा आणि डोमिनियन ओढ्यांवर जे वेचत बसले ते सगळं मूळचं पेशन्सचं आहे.

आणि दुसरी खूण. पाणी दुधाळ झालं. अगदी किंचित, पण झालं. बोनान्झाच्या टेकडीवर पांढऱ्या वाळूचा जुना पाट सापडला, त्यात लोक राजे झाले. तोच पाट इथे खाली आहे. ड्यूगलला यातलं काही कळत नाही. मी विचारलं, पाणी पांढरं का झालं? तो खाली मान घालून म्हणाला, कुणास ठाऊक, माती असेल. मला त्याची कीव आली.

पाचवी जातही आहे. काही कण इतरांपेक्षा जास्त चकाकतात. टोकदार. असं सोनं मी आजवर पाहिलेलं नाही.

१६ जानेवारी, डॉसन

हेस्टरने ड्रॉवर उघडला.

कोपऱ्यात हात घालून चाचपलं. मग विचारलं, पुडी पण? मी म्हणालो, पुडी पण, सगळं कामाला लावलं आहे, आणि परातीतलं सोनं टेबलावर ओतलं. तिने बोटाने ते पसरलं. पुष्कळ दिवसांनी मी तिला हसताना पाहिलं. पण ते हसू फार लांबलं, आणि मग ती पिठाच्या पोत्यावर बसली.

म्हणाली, अ‍ॅन्सेल, त्या पुडीत पितळ होतं. लोक दिव्याच्या बर्नरचा कीस मिसळून देतात, तो मी निवडून बाजूला ठेवते. तुझ्या खाणीतूनसुद्धा बर्नर निघाला का?

मी शांतपणे समजावलं. पितळ माणूस बनवतो. ते जमिनीत सापडत नाही, शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. हे जमिनीतून निघालं आहे. म्हणजे हे पितळ नाही.

तिने हाताचं पीठ झटकलं. म्हणाली, एक कर. पुन्हा जा, ड्यूगलला न सांगता जा, आणि दुसऱ्या कोपऱ्यात विस्तव लाव.

चांगली सूचना आहे. पण ती अपमानाची आहे. ज्या माणसाने माझ्यासाठी रात्री गुडघे मोडले त्याच्या विहिरीत मी चोरासारखा उतरू?

२० जानेवारी

टूरे बेकरीत आला होता. स्वीडिश, डोमिनियनवर काम करतो, आला की दोन पाव घेतो आणि टोमणे फुकट देतो. म्हणाला, काय बेकरणीच्या नवऱ्या, नद्यांचा संगम सापडला म्हणे? मासे पण आहेत का? लोक हसले. हेस्टर हसली नाही, पाव मोजत राहिली. मला तिचं न हसणं जास्त लागलं.

टूरेने क्लेम घेतलेला नाही आणि घेणारही नाही. अशा माणसाचं मत.

२६ जानेवारी

ड्यूगल रोख मागत नाही. म्हणतो, बेकरीचं घर आणि भट्टी दे, क्लेम घे. त्याला उतारवयात ऊब पाहिजे.

घर माझ्या नावावर आहे. भट्टीची वीट न् वीट हेस्टरने बोटीवरून उतरवून पाठीवर आणली, हे मला मान्य आहे. मी ते कधी नाकारलेलं नाही. पण विटा आणि सोनं यांत निवड करायची तर विचार करायला वेळ लागू नये.

३० जानेवारी

हेस्टरशी बोललो. ती म्हणाली, ही भट्टी गेली तर मी तुझ्याबरोबर ओढ्यावर येणार नाही, एवढं लक्षात ठेव, आणि तू परत आलास तर माझ्या दारात येऊ नकोस. आवाज चढवला नाही. मी म्हणालो, जूनमध्ये माती पन्हळीतून धुऊन सोनं निघेल तेव्हा तूच धावत येशील. ती म्हणाली, जूनमध्ये ये मग, तेव्हा पाहू.

म्हणजे अर्धी तयार आहे.

२ फेब्रुवारी

कचेरीत कागद झाले. सही करताना टाक दोनदा शाईत बुडवावा लागला, थंडीमुळे.

हेस्टरने घरातून फारसं काही नेलं नाही. तराजू, गल्ल्याचा ड्रॉवर, आंबवणाचं मडकं आणि गादी. बस्स. ड्यूगल तिला म्हणाला, वहिनी, तुम्ही पगारावर राहा, मला कुठे पाव येतो? तिने मडकं शालीत गुंडाळलं आणि त्याच्या अंगावरून निघून गेली. ड्यूगलला मडक्याचं महत्त्व कळलेलं नाही. मी सांगितलं नाही. व्यवहार व्यवहाराच्या जागी.

१ मार्च, पेशन्स ओढा

रोज तेच. संध्याकाळी विस्तव, सकाळी धूर बाहेर जाईपर्यंत वाट, मग खाली उतरून भरायचं, मग वर येऊन रहाट ओढायचा, कारण खाली-वर दोन्हीकडे मीच. बादली वर येईतो माती पुन्हा गोठते. ढीग वाढतो आहे. वसंतात पाणी सुटलं की हा ढीग पन्हळीतून धुवायचा.

मधे परात मारून बघत नाही. लोक रोज बघतात आणि खचतात. मी खचणाऱ्यांतला नाही.

१९ मार्च

एकदा बघितलं. काही नाही. परात घाईत धुतली होती.

२० मार्च

संथपणे धुतली. काही नाही. पाणी स्वच्छ. पाण्याचा दुधाळपणा उन्हाळ्यात येत असावा.

६ एप्रिल

अंधाऱ्या कोपऱ्याच्या भोवती खणतो आहे. पाट वळला असणार. नद्या वळतात.

खोकला. हिरड्यांतून रक्त. बीन्स संपत आले. हेस्टरला निरोप पाठवला होता टूरेबरोबर, थोडे पाव पाठव म्हणून. टूरे रिकाम्या हाताने आला. म्हणाला, ती विचारते, क्लेममध्ये पाव सापडत नाहीत का? मग त्याने स्वतःच्या झोळीतला अर्धा पाव मला दिला. तो तिचाच होता, चवीवरून कळलं. तिने रस्त्यापलीकडे तंबूत पत्र्याची चूल मांडली आहे म्हणे. गिऱ्हाईक सगळं तिकडे. ड्यूगलचे पाव विटांसारखे होतात. तो बेकरी काढून टाकणार आहे.

मला आनंद व्हायला हवा होता.

१७ मे

नदीचा बर्फ फुटला. डॉसनमध्ये घंटा वाजल्या असतील. ओढ्याला पाणी आलं. पन्हळ बसवली. आता बघाच.

२८ मे

ड्यूगल पहिल्या बोटीने गेला. घर आणि भट्टी एका खानावळवाल्याला विकून. टूरेने सांगितलं. म्हणाला, बोटीवर जिना चढताना पळत होता, गुडघे एकदम ठणठणीत. मी म्हणालो, हवा बदलली की गुडघ्यांना बरं वाटतं. टूरे माझ्याकडे पाहत राहिला. आज त्याने टोमणा मारला नाही. मला त्यापेक्षा टोमणा चालला असता.

७ जून

ढीग धुवून झाला. सगळा. हिवाळाभराचा. पन्हळीच्या पट्ट्या उचलल्या, त्यांच्याखाली अंथरलेली घोंगडी झटकली, तळाची काळी वाळू परातीत घेतली.

चहाच्या कपाच्या बुडाशी मावेल एवढं निघालं. तेही सगळं अंधाऱ्या कोपऱ्याच्या मातीतलं. तांबूस, फिकट, खडबडीत, चपटं. चकाकणारे टोकदार कण बरेच.

नद्यांच्या संगमाबद्दल आज काही लिहीत नाही.

भूक लागली आहे.

८ जून

सकाळी डॉसनला आलो. हेस्टरच्या तंबूपुढे रांग होती, रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा कागदातलं सोनं तिच्यासमोर ठेवलं आणि एक पाव मागितला. तिने ते ताटलीत पसरलं, बोटाच्या टोकाने चकाकणारे कण एकेक करून बाजूला काढले, उरलेल्यातली चिमूट तराजूत टाकली आणि पाव दिला. बाजूला काढलेलं कागदाच्या तुकड्यात बांधलं, पुडी केली, आणि ड्रॉवरच्या कोपऱ्यात ठेवली. मग माझ्या मागच्या माणसाला विचारलं, किती हवेत?