दोन दारांमधल्या फरशीची निरवानिरव

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा दगडी फरशी बसवणे व तिचे सांधे भरणे, हे लिहून ठेवतो की माझी बुद्धी जागेवर आहे, कान त्याहून जागेवर आहेत, आणि हे मृत्युपत्र कोणी दटावून वा गोड बोलून माझ्याकडून लिहवून घेतलेले नाही. यापूर्वी दुसरे केलेले नाही.

१. घर स्वकष्टार्जित आहे. डावा भाग थोरल्याला, उजवा धाकट्याला. जिने वेगळे, मोऱ्या वेगळ्या. तक्रारीला जागा ठेवलेली नाही, तरी ते शोधतीलच. आमच्या हिला हयातभर हव्या त्या खोलीत राहण्याचा हक्क राहील. बँकेतले सर्व तिचे. त्यातून तिने कोणाला हातउसने देऊ नये, विशेषतः रडणाऱ्याला.

२. थापी, पाणसळ, रबरी हातोडा ही हत्यारे थोरल्या सुनेला. झाडूचा दांडा आपटून "बाबा, हा दगड खालून पोकळ वाजतोय" असे सांगणारी या घरात माझ्यानंतर तीच.

३. माझ्या ताज्या कामावर ॲसिड ओतून दगडाची रया घालवणारा आणि वर माझ्याच दगडाला नावे ठेवणारा ठेकेदार शोकसभेला आल्यास त्याला चहा द्यावा. भाषण करू देऊ नये.

४. आता अंगण. दोन्ही दारांसमोरची ही फरशी मी एकाच उताराने बसवली आहे. नळ थोरल्याकडे, पाणी जाण्याची जाळी धाकट्याकडे. भावाभावांत बिनसल्यावर धाकट्याने फक्त आपल्या अर्ध्याचे सांधे सिमेंटने भरले, तेही भसाभसा, दगडाच्या वर येईल इतके. थोरल्याच्या बाजूला पाणी तुंबले, सांध्यांतली वाळू निघून गेली, मधली रांग डुगडुगू लागली आणि तिथेच त्यांची आई पडली. त्या दिवशी खिडकीतून मी ऐकले:

"दादा, तुझ्याकडचं पाणी आवर."

"बांध तूच घातलास ना त्याला? आता मधे भिंतच घालतो, म्हणजे कटकट मिटेल."

"घाल की! अर्ध्या विटा माझ्या."

वर्षभरात दोघांचे एकमत झाले ते एवढ्या एका गोष्टीवर.

भिंत झाली तर उतार तुटेल, थोरल्याच्या घरात पाणी शिरेल, आणि आईला एका लेकाकडून दुसऱ्याकडे जायला रस्त्याने वळसा पडेल. सबब संपूर्ण अंगण मी मुलीला देत आहे. दोघांना जाण्यायेण्याचा हक्क राहील. वीट ठेवण्याचा कोणालाही नाही. पाऊस संपला की दोघांनी मिळून सांधे ब्रशने साफ करावेत, सगळीकडे एकच माल भरावा, आणि तो सुकण्याआधी दगड ओल्या स्पंजने पुसावा. गप्प बसून केले तरी चालेल. पुसायला उशीर केलेला चालणार नाही.

मुलीला हे मी आधीच सांगितले आहे. ती म्हणाली, "बाबा, दोघंही माझ्यावर चिडतील."

मी म्हटले, "चिडू देत. तुझी तक्रार करायला का होईना, एकमेकांच्या दारात जातील."

सही: लिहून ठेवणार

साक्षीदार:
१) समोरचे शिंपी. वाचून सही केली.
२) आमच्या डॉक्टरीणबाई. प्रकृती व मन तपासले, दोन्ही ठणठणीत. सही केली.

ठिकाण: राहते घर
तारीख: ३ ऑक्टोबर २०१९