गाभण की रिकामी

बाबा, आज फार दमलेय, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. जोगेश्वरीतले तबेले आता निम्मेसुद्धा उरले नाहीत, पण उरलेल्या म्हशींना कृत्रिम रेतन करायला अजून मलाच बोलावतात. सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी भरवायची, गोठवलेल्या वीर्याची कांडी कोमट पाण्यात अर्धं मिनिट धरायची, डावा हात खांद्यापर्यंत आत आणि उजव्यात रेतनाची गन. तुम्ही शिकवलंत तसंच सगळं चाललंय. म्हशींचं वय तेवढंच राहिलं, माझं मात्र वाढलं.

आपल्या चाळीतल्या स्वयंपाकघरात तुम्ही मला तांदळाच्या डब्यात हात घालायला लावायचात. आत कधी चिंचोका, कधी वाटाणा. "डोळे मीट आणि सांग काय ते." आई करवादायची, "अहो, म्हशीतून आलेला हात माझ्या तांदळात?" तुम्ही हसून म्हणायचात, "हात तिचा आहे गं, माझा नाही." म्हशीचं सगळंच मुकं, तिचा माजसुद्धा. गर्भाशयाची दोन शिंगं, त्यातलं एक फुगलं की गाभण, आणि हे आतड्याच्या भिंतीपलीकडून फक्त बोटांना कळायचं. आटलेली म्हैस गाभण असली तर तबेल्यात राहते, रिकामी असली तर खाटकाच्या टेम्पोत चढते. म्हणून तुम्ही सांगायचात, शंका आली तर पंधरा दिवस मागून घ्यायचे, त्यात लाज कसली?

आणि मग ती सकाळ. माझं प्रशिक्षण संपून दोनच महिने झालेत. तुम्ही हात बाहेर काढता आणि तबेल्याच्या शेठला म्हणता, "गाभण आहे, अडीच महिने." शेठ माझ्याकडे बघतो. "बेटी, तू पण बघ ना जरा." मी बघते आणि चार गवळ्यांसमोर बोलून जाते, "रिकामी आहे. बाबा, तुमच्या हाताला आता कळत नाही." तुमची साखर वाढली होती, चहाचा कपसुद्धा हातातून निसटायचा, हे मला ठाऊक होतं. बादलीत हात धुतलात, बराच वेळ धुतलात. त्यानंतर तुम्ही कुठल्याच तबेल्यात पाऊल टाकलं नाही. म्हैस दुसऱ्या दिवशी टेम्पोत गेली. मला मात्र शेठ तेव्हापासून "मॅडम" म्हणायला लागला.

आता साखर माझ्याही मागे लागलीय. आज त्याच शेठच्या मुलाच्या तबेल्यात हात घातला आणि बोटांना नुसतं उबदार, मऊ काहीतरी लागलं. शिंग कुठलं, आतडं कुठलं, काही कळेना. मी म्हटलं, "पंधरा दिवस थांब, पुन्हा बघते." तो म्हणाला, "काय मॅडम, तुमचा पण हात गेला काय? टेम्पो सांगून ठेवलाय यार." म्हैस मान वळवून माझ्याकडे बघत होती. मी ठणकावून सांगितलं, "गाभण आहे. टेम्पो परत पाठव." खोटं असेल तर दोन महिन्यांत उघडं पडेल. पडू दे. परवा माझ्या जागी दुसऱ्या कुणा मुलीला बोलवायला सांगणार आहे, मला आता हे झेपत नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? तुम्ही असतात तरी टाकलं नसतं, मला माहीत आहे. एवढी वर्षं मी मनाशी म्हणत आले की त्या दिवशी तुम्ही चुकलात, मी फक्त खरं बोलले, बोलायची पद्धत तेवढी वाईट होती. पण बाबा, त्या म्हशीच्या उजव्या शिंगाला माझ्या बोटांना जाडसर काहीतरी लागलं होतं. शेठ बघत होता, म्हणून मी पुन्हा चाचपून पाहिलं नाही.