तडा गेलेली काच बदलू नये

मी, कु. चंद्रभागा कोंडीराम भिंताडे, वय वर्षे ६६, राहणार बिबवेवाडी, पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डावा पाय पोलिओने लहानपणीच नेला, त्याची वाटणी करायची नाही.

१. माझा राहता ब्लॉक आणि बँकेतील ठेव पुतण्या चि. सौरभ याला द्यावी. माझ्या आजारपणात तो तीनदा आला आणि तिन्ही वेळा खालच्या गाळ्याचे माप घेऊन गेला. तरी रक्ताचा आहे.

२. तो गाळा मात्र त्याला मिळणार नाही. तिथे मी १९९५ पासून अपंगांच्या योजनेतला एसटीडी बूथ चालवला. घरोघरी मोबाइल आले, तशा सगळ्यांनी काचेच्या केबिनी मोडीत काढल्या. माझी उभी आहे, कारण तिच्यात कु. अपेक्षा रामटेके गाते. गाळा केबिनसह तिला द्यावा. सौरभला तिथे मोबाइलचे दुकान काढायचे आहे. मोबाइलने माझा एक धंदा खाल्ला, तेवढा पुरे.

३. ही अपेक्षा कोण, असे कोर्टात विचारतील. २००३ साली ती चंद्रपूरहून इथे कंपनीत संगणकावर काम करायला आली. दर रविवारी वडिलांना फोन लावी. ते तिकडे भीमजयंतीच्या गायन पार्टीत गाणारे. खुशाली दोन वाक्यांत उरकून बापलेक फोनवर गात बसत. ती जिथे कॉट घेऊन राहायची तिथे गायला बंदी होती, म्हणून फोन संपला तरी केबिनमध्ये गाऊ का, असे तिने मला विचारले. पुढे कोणीतरी तिला जॅझच्या सीडी दिल्या. मग शब्द संपले तरी हिचे गाणे संपेना, आणि एकच ओळ रोज वेगळी येऊ लागली. मी विचारले, कालची बरोबर की आजची? म्हणाली, दोन्ही.

४. आता माझा गुन्हा. भजनी मंडळात मी तीस वर्षे टाळ वाजवले. ही पोर दर ओळीला तालाच्या मागे पडायची, ते मला सहन होईना. बाहेर स्टुलावर बसून मी कुबडीने काचेवर ताल ठोकायची. ती मागे ती मागेच. एकदा जोर जास्त झाला आणि काचेला तडा गेला. तरी सहा वर्षे मी ठोकत राहिले, आणि मंडळात सांगत फिरले की गळा सोन्याचा आहे, पण तालाच्या नावाने बोंब.

५. २००९ साली तिने मला रिक्षाने कॅम्पातल्या एका हॉटेलात स्वतःच्या कार्यक्रमाला नेले. ती गाऊ लागली आणि नेहमीसारखी मागे राहिली. माझी कुबडी उचलली गेली. बघते तो ड्रमवाला, पियानोवाला आपापल्या जागी शांत, कोणी तिला पुढे ओढत नाही. ती मागून येत राहिली, येत राहिली आणि नेमकी समेवर उतरली. मी कुबडी खाली ठेवली. तीस वर्षे मी ताल धरला, पण त्यात एवढी जागा असते हे मला माहीत नव्हते.

परतताना रिक्षात मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही काचेवर ठोकत होत्या म्हणून तर मला समजलं, किती मागं राहायचं ते. कार्यक्रमात तुमचीच कुबडी ऐकू येते मला."

६. म्हणून कुबडी चितेवर ठेवू नये, अपेक्षाला द्यावी. काच बदलू नये. मी अजून रोज तिच्यावर ठोकते, आता अपेक्षाच्या सांगण्यावरून. माझ्यामागे कोण ठोकणार, एवढीच काळजी आहे. ते काम सौरभला सांगू नये. त्याला ताल नाही.

७. टाळ मंडळातल्या हेमाताई जगताप यांना द्यावेत. १९९८ पासून मागत आहेत. आता तरी हळू वाजवावेत.

साक्षीदारांसमोर वाचून, समजून सही करते. आत अपेक्षा गात आहे. वकिलांनी पेन पुढे केले, त्यांना मी हाताने थांबवले. ती समेवर आली, मग सही केली.

चंद्रभागा कोंडीराम भिंताडे

साक्षीदार:
१. डॉ. सुदर्शन पायगुडे
२. सौ. तुळजाबाई संभाजी ओसवाडे

ठिकाण: बिबवेवाडी, केबिनबाहेरचे स्टूल
दिनांक: ८ जुलै २०१२, रविवार