ड्रिल मशीन सायकलचेच आहे

मी, दादू बाबू गोताड, वय वर्षे सदुसष्ट, धंदा पंपाच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरणे, राहणार मालगुंड, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवतो. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डोके ठिकाणावर आहे. मजकूर मी सांगितला, वकिलांच्या कारकुनांनी लिहून घेतला आणि दोनदा वाचून दाखवला. १९७८ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात ‘सर्व हत्यारे मुलगा महिपत यास’ असे एक वाक्य आहे, आणि त्या वाक्यानेच यंदा घरात भांडण लावले.

१. घर व परसातली काजूची झाडे महिपतला द्यावीत. तो मुंबईस नोकरीला असतो, गणपतीला आणि शिमग्याला येतो, तेव्हा त्याला स्वतःचे छप्पर हवे. मात्र त्याची बायको तुळसा हयात असेपर्यंत पडवी आणि तिथले कामाचे बाकडे तिच्या ताब्यात राहील. पोस्टातली शिल्लक दोघांनी निम्मी निम्मी घ्यावी.

२. माझी विजेची सायकल, तिच्यावरच्या जीपच्या दोन जुन्या बॅटऱ्या आणि तिला जोडलेले ड्रिल मशीन मी सून तुळसा हिला देतो. हे मशीन हत्यारांत मोजू नये. का, ते सांगणे भाग आहे.

गुडघे गेल्यावर हत्यारांची पिशवी घेऊन सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळावरच्या बागांत चढणे मला जमेना. म्हणून मुंबईहून आणलेले ड्रिल जुन्या सायकलला बसवले, त्याच्या तोंडात दात्यांचे छोटे चक्र धरले आणि साखळीने मागच्या चाकाला जोडले. पहिल्या दिवशी लांब वायर लावून घरच्या विजेवर चालवले. सायकल अंगणातल्या तुळशीवृंदावनापर्यंत गेली आणि प्लग निसटला. शेजारचे बागायतदार हरिहर मुळ्ये कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून हसत म्हणाले, "दादू, वायर संपली की तुझा मुलूख संपला!" ते हसणे मी विसरलेलो नाही. म्हणूनच आज त्यांना साक्षीला बोलावले आहे.

बॅटरीवर चालवायचे तर मोटारीत जाड तार कमी वेढ्यांनी नव्याने भरायला हवी होती. मला दिसत नव्हते. मी सांगत गेलो, तुळसा भरत गेली. चार वेळा मोटार जळली. पाचव्यांदा सायकल तिला घेऊन सड्यावर पोचली. चढात थोडे पेडल मारावे लागते, पण पोचते. त्याला दोन वर्षे झाली. आता बागांतले पंप तीच दुरुस्त करते, मुळ्यांचासुद्धा. माझा धंदा तिने उचलला याचा मला फार अभिमान आहे.

यंदा शिमग्याला महिपत आला, कपाटातला जुना कागद वाचला आणि पाना घेऊन सायकलपाशी बसला. म्हणाला, "बाबा, कागदावर माझा नाव हाय. बाईमानूस पंप खोलतंय म्हनून लोक हसतात. मशीन मी मुंबैला नेतंय, नि हिलापन नेतंय."

तुळसा चुलीपुढून उठून आली. "मशीन तुमचा आसंल, पन आतली तार मी भरलंय. ती सोडवून हितं ठेवा, मग काय न्यायचा ता न्या."

महिपतने पाना खाली ठेवला. त्याला तार सोडवता येत नाही. त्यात चूक माझीही आहे, मी त्याला कधी शिकवले नाही.

३. बाकीची हत्यारेही तुळसाचीच. महिपतला शिकायचे असेल तर तिने शिकवावे. नवरा म्हणून हुकूम सोडू लागला तर शिकवू नये. तिने मुंबईस जाणे न जाणे तिच्या मर्जीवर आहे, आणि हा धंदा बंद करण्याचा अधिकार मी कोणालाही दिलेला नाही.

४. मी गेल्यावर घराने दहा दिवस सुतक पाळावे, तुळसाने पाळू नये. उन्हाळ्यात पंप बंद पडला तर आंब्याची लहान रोपे जळून जातात. मला स्मशानात नेत असताना बागेतून निरोप आला, तरी तिने सायकल काढावी. अरुंद वाटेत तिरडी पुढे असेल तर घंटी वाजवावी, आणि खांदेकऱ्यांनी मला घेऊन बाजूला उभे राहून तिला आधी जाऊ द्यावे.

सही: दादू बाबू गोताड

वरील सही आम्हा दोघांसमक्ष झाली.
साक्षीदार: हरिहर विश्वनाथ मुळ्ये, बागायतदार, मालगुंड
साक्षीदार: दत्तात्रेय शंकर नेने, शिक्षक, रत्नागिरी

रत्नागिरी, दिनांक १२ एप्रिल १९८६